गिरजाची पात कोण वेचते?

बायांनो, हा कागद वाचला की शेजारच्या घरी द्या.

आज कापूस वेचताना माझ्या बाजूच्या पातीतली, शेजारच्या ओळीतली गिरजा एकाच हातानं वेचत होती. एरवी तिचे दोन्ही हात चालतात. बैलगाडीमागे नेऊन विचारलं, तर छातीत गाठ. चोरून लेप लावते आहे.

"दवाखान्यात काहून नाही गेली?"

"वेचणी झाली का जातो, मावशी."

माझ्या छातीत गाठ आली त्या साली मीही हेच म्हटलं होतं. वेचणी संपेपर्यंत गाठ वाढली. नागपूरच्या डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला आणि माझा एक स्तन काढला. मी चोळी सोडून गिरजाला वण दाखवला.

"लय दुखलं असन न?"

"दुखलं. पण पाच वर्सं झाले, तुह्या पुढं वेचून राह्यली न मी? डॉक्टरनं एक घेतलं, जीव ठेवला. सौदा वाईट नाही."

तेव्हा कुठे ती हसली.

याआधी दोघींना मी दवाखान्यात नेलं, हिलाही नेणार. उद्या पहिल्या एसटीनं आम्ही यवतमाळला निघतो. तिचा जीव मात्र पातीत अडकला आहे. तुमच्यापैकी कोण वेचते तिची पात? आज संध्याकाळीच तिच्या घरी जाऊन सांगा.