नव्या फादरांपुढे जुनं पाप

आमच्या बारामतीच्या चर्चमधल्या फादरांची बदली झाली की आई पुन्हा पापी व्हायची. एरवी बरं चाललेलं असायचं तिचं. मग जुने फादर बॅगा भरून निघायचे, नवे यायचे, आणि पहिल्याच शुक्रवारी आई डोक्यावर पदर घेऊन कन्फेशनच्या, म्हणजे फादरांपुढच्या पापकबुलीच्या, रांगेत उभी. पाप तेच. पळसदेवच्या मावशीचं.

आई सरकारी कचेरीत शिपाई होती. साहेब बदलला की मंजूर झालेलं कामही नव्या साहेबापुढं पुन्हा ठेवावं लागतं, हे तिनं आयुष्यभर पाहिलेलं. तोच नियम तिनं देवाला लावला. क्षमा देवाची असते, फादर नुसते सांगतात, हे मी तिला कितीदा समजावलं. "तुला कचेरी कळत न्हाय," एवढंच ती म्हणायची. यापुढं काय डोकं फोडणार?

त्यात तिला ऐकू कमी येतं. त्यामुळं ती पापही ओरडून सांगते. मागच्या बाकावर गायनमंडळाच्या बायका कान टवकारून बसायच्या. दुपारी तीनला देवाच्या दयेची जपमाळ म्हणताना यांचा आवाज रस्त्यापर्यंत जातो, पण आईचं पाप सुरू झालं की एकीचाही ओठ हलायचा नाही. मला या बायकांची किळस यायची.

पाप असं. मावशीनं पळसदेवच्या एका मासेमारी करणाऱ्या हिंदू मुलाशी लग्न केलं. आजोबांनी तिला टाकली. पुढं नवरा जाळं घेऊन पाण्यावर गेलेला असताना सासूनंही भांडून घराबाहेर काढलं, तेव्हा पोटुशी असलेली ती आमच्या दारात आली. माझ्या वडिलांच्या धाकानं आईनं आतून लावलेली कडी काढली नाही. मावशीनं ती रात्र बारामतीच्या एसटी स्टँडवर काढली. सकाळी नवरा शोधत आला आणि तिला घेऊन गेला. त्यानंतर या बहिणी कधी भेटल्या नाहीत.

आणि फादर? प्रत्येकानं तेच सांगितलं. देव दयाळू आहे, बाई, दहा नमो मरिया म्हणा, शांतीनं जा. की झाला निकाल. आई दहाच्या जागी कितीतरी जास्त प्रार्थना म्हणायची आणि घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडायची. क्षमा तिच्या अंगाला लागतच नव्हती.

गेल्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात आणखी एक नवे फादर आले. आईनं पदर सावरला, तशी माझी सटकली. म्हटलं, "देव बरा सापडतो तुला. तो उलट बोलत नाही ना! जिला स्टँडवर झोपवलंस ती इथं पळसदेवला राहते. तिच्यापुढं जायला पाय मोडतात का?"

मी लागेल असंच बोलले होते. ती रडेल आणि गप्प बसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मग चल."

भिगवणला गाडी बदलताना तिला नवीच काळजी. आज उपवासकाळातला शुक्रवार, मासे चालतात पण मांस वर्ज्य, आणि बहिणीनं मटण केलं तर? मी कपाळाला हात लावला. सख्ख्या बहिणीला इतकी वर्षं तोंड दाखवलं नाही, आणि हिला घोर मटणाचा!

मावशी अंगणात बसून चिलापी मासे साफ करत होती. उजनी धरणाचं पाणी ओसरून पार आत गेलं होतं, बुडालेल्या जुन्या देवळाचं शिखर उघडं पडलं होतं. तिनं वर पाहिलं. उठली नाही. "आक्का? बस."

आई बसली नाही. उभ्या उभ्या, कन्फेशनच्या त्याच आवाजात, तिनं सगळं सांगितलं. शेजारच्या बायका दारात आल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी आई म्हणाली, "देवानं माफ केलं म्हणत्यात सगळे फादर. आता तू कर."

मावशीनं हात धुतले. "देवाला काय जातंय माफ करायला? स्टँडवर त्यो झोपला हुता का? पोट धरून मी बसले हुते. तू दाराआड हुतीस, मला ठावं हुतं. तुझ्या बांगड्या वाजल्या. माझा राग हाय, आक्का. अजून हाय. गेला म्हणून खोटं न्हाय सांगायची मी."

आईनं मान हलवली. तिचं पाप तिला वाटत होतं तेवढंच मोठं होतं, हे पहिल्यांदाच कुणी तिच्या तोंडावर कबूल करत होतं. फादरांनी ते दहा नमो मरियांत उरकलं होतं आणि मी थट्टेत. त्या क्षणी मला स्वतःची लाज वाटली, गायनमंडळाच्या बायकांची किळस यायची त्याहून जास्त.

मावशीनं तिच्यापुढं ताट ठेवलं. "जेव आता. आन् पुढल्या शुक्रवारी ये. माझा राग जाईस्तोवर येत ऱ्हा."

"आन् न्हाय गेला तर?"

"तर न्हाय. यायचं मातर थांबायचं न्हाय."

आईनं क्रूसाची खूण केली आणि भाताला हात लावला. चिलापीचे काटे काढता काढता ती रडत होती, आणि मावशी तिच्या ताटात आणखी कालवण वाढत होती, रागातच.