अर्डेथवहिनीचं पुडिंग

आमच्या दक्षिण इंडियानात जिला पर्सिमनचं पुडिंग जमत नाही, तिला गावात मान नाही. बाकी कितीही गुणाची असू दे. आणि माझी वहिनी अर्डेथ नेमकी शिकागोची! वेंडेलदादानं तिला लग्न करून आणलं, तेव्हा आई माझ्या कानात पुटपुटली, "ओपल, हिला अंडं तरी उकडता येतं का विचार."

पर्सिमन म्हणजे टेंभुर्णीच्या कुळातलं फळ. ते तोडायचं नाही, झाडही हलवायचं नाही. आपण होऊन खाली पडलं, बोट लावताच फुटलं, तरच खाण्याजोगं, नाही तर तोंड आवळून टाकणारं तुरट. वहिनीला हे कुणी सांगायचं? आम्ही नाही सांगितलं. हो, मुद्दामच. पहिल्याच ऑक्टोबरात बाई शिडी लावून चढली, छान नारिंगी, टणक फळं टोपलीभर उतरवली आणि चर्चच्या जेवणाला पुडिंग घेऊन आली. पाद्रीबाबांनी एक घास खाल्ला आणि तोंडाचा असा चंबू झाला, की दहा मिनिटं शब्द फुटेना. मी पोट धरधरून हसले. वहिनी घरी जाऊन रडली, हे दादानं मला फार उशिरा सांगितलं.

दुसरी असती तर गाशा गुंडाळून माहेरी गेली असती. ही रोज उजाडायच्या आत बादली घेऊन झाडाखाली जायला लागली, हरणं यायच्या आधी. एकेक फळ तळहातावर घेऊन दाबून बघायची. जरा शंका आली की ते कोंबड्यांना. मग गर चाळणीतून घासायचा, त्यात ताक, अंडी, साखर, दालचिनी, आणि मंद भट्टीत दर पाव तासानं ढवळत काळ्या गुळासारखा रंग येईपर्यंत तिथून हलायचं नाही. आणि मधल्या वेळात शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांचं रांधायचं, ते वेगळंच!

एकवीस वर्षं ती सुगीच्या जत्रेतल्या स्पर्धेत पुडिंग ठेवत होती आणि एकवीस वर्षं रिकाम्या हातानं परतत होती. पहिल्या नंबराची निळी फीत आधी आईला मिळायची, आई गेल्यावर मला.

"वन्सं, यंदा काय हो चुकलं असेल?" ती विचारायची.

"काही नाही गं. तू शिकागोची, एवढंच."

जिभेला हाड नसतं म्हणतात ना, तसली माझी जीभ.

बाविसाव्या वर्षी आमचे परीक्षक म्हातारे आजारी पडले आणि परगावच्या एक बाई आल्या. त्यांना कुठलं भांडं कुणाचं, काही ठाऊक नव्हतं. भांड्यांवर नुसते आकडे. माझं नऊ, वहिनीचं चौदा. खरं सांगू? त्या वर्षी घाईघाईत मी दोन फांद्या हलवल्या होत्या. कुणाला बोलू नका.

बाईंनी चौदा नंबरचा एक घास खाल्ला, मग दुसरा, मग खुर्ची ओढून बसल्याच. जत्रेच्या अध्यक्षांनी यादीत बघितलं आणि कर्ण्यातून ओरडले, "चौदा नंबर! हॉस्किन्स!" आडनाव आम्हा दोघींचंही तेच, तरी सगळ्या माना माझ्याकडे. अध्यक्षांनी फीत माझ्या हातात कोंबली, पाठीवर थाप मारली. "सवयच आहे म्हणा तुम्हाला!"

मी मागं बघितलं. वहिनी शेवटच्या बाकाजवळ उभी होती. तिला नंबर ऐकू आला होता. तरी ती टाळ्या वाजवत होती, माझ्यासाठी. त्याच क्षणी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मागच्या एकवीस वर्षांत या गावानं पुडिंगची चव कधी घेतलीच नव्हती, फक्त भांडी ओळखली होती. आणि त्यात मीही होते. मला माझीच इतकी लाज वाटली, की काय सांगू.

मी कर्णा ओढून घेतला. "अहो, डोळे फुटले का तुमचे? चौदा नंबर माझा नाही! तो अर्डेथचा आहे. आमच्या घरची आहे ती, याच गावची. इतकी वर्षं फीत तिचीच होती आणि आपण ती तिला दिली नाही."

मग पाद्रीबाबा उठले, चौदा नंबरचं भांडं उचललं आणि चमचा-ताटली घेऊन वहिनीसमोर जाऊन उभे राहिले.

"वाढतेस का, पोरी?"

वहिनीनं वाढलं. पाद्रीबाबांनी खाल्लं, डोळे मिटले आणि पुन्हा ताटली पुढं केली. तोवर त्यांच्या मागं रांग लागली होती. तिची फीत हातात घेऊन मीही रांगेत उभी राहिले, सगळ्यांच्या शेवटी.