पंचफुलानं वाढून घेतलं

माही मोठी जाऊ पंचफुला कोणाशी भांडत नसे. कोणी तिच्याशी वाकडं वागलं तं ती गप बसे. मले तिच्या या गप बसण्याची भल्ली भीती वाटे. भांडणारी बाई दोन घंट्यात मोकळी होते. पंचफुलानं एक राग नऊ महिने पोटात ठेवला, आन मी तिच्यासंग एकाच चुलीवर रांधत होती म्हणून मले तो रोजच्या रोज दिसला.

आमी भंडाऱ्याकडच्या, वैनगंगेच्या काठच्या, धान पिकवणारी माणसं. माहे भासरे शालिकराम, म्हणजे पंचफुलाचा नवरा, सत्तावन साली भिलाईले आले. कारखाना तवा उभा होऊन राहिला होता, माणूस दिसला का कामाले घेत. मागून आमचे हे आले, आन मंग आमी दोघी जावा. कॅम्प-एकमधी दोन खोल्या, वर टिना, समोर लाल माती. साऱ्या देशाची माणसं तिथं आलेली. बाजूले दुर्गा नावाची छत्तीसगडीन राहे, पलीकडं तेलगू लोकं.

पंचफुलाचा हात होता खेकड्यावर. खुर्सीपारकडं तवा धानाची शेतं होती. तिथल्या बांधातून ती खेकडे काढे, उघड्या हातानं, बिळात कोपरापर्यंत हात घालून. घरी आणले का नांग्या तोडायच्या, कवच उघडून पिवळा गर वेगळा काढायचा, बाकीचं उखळात कुटायचं. त्याच्यात पाणी घालून फडक्यातून गाळलं का राखाडी रस निघे. तो मंद आचेवर ठेवायचा आन हलवायचा नाई. दूध फाटते तसा रस फाटे आन गोळे वर येत. ते गोळे निथळून त्यात पिवळा गर, लसूण, हिरवी मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर, आन मूठभर तांदळाचं पीठ. चपट्या वड्या थापून जवसाच्या तेलात तव्यावर लाल करायच्या. दुर्गाकडून ती तांदळाचा चिला, धिरड्यासारखा, शिकली होती, तं त्या गरम चिल्यात वडी नाई तं चिंचेतले झिंगे घालून दुमडून भासऱ्याच्या डब्यात देई. काम करता करता एका हातानं खाता येते म्हणून.

आता त्या प्रेमलाचं सांगते. तिचं नाव घेतलं का मले आजबी राग येते.

भासऱ्याच्या गँगचा फोरमन होता नरहरी. नागपूरकडचा, रेल्वेवाल्याचा पोरगा, चार बुकं शिकलेला. त्याले सेक्टरमधी पक्का क्वार्टर भेटला होता, नळाचा, विजेचा. प्रेमला त्याची बायको, तीबी नागपूरच्या रेल्वे क्वार्टरात वाढलेली. संक्रांतीले तिनं गँगमधल्या साऱ्या बायकाईले हळदीकुंकवाले बोलावलं. पंचफुलानं लग्नातलं लुगडं काढलं. आन आमच्याकडं कोणाच्या घरी पहिल्यांदा रिकाम्या हातानं जात नाई, म्हणून डब्बाभर वड्या घेतल्या. हे तिचं चुकलं. क्वार्टरातल्या हळदीकुंकवाले कोणी खेकडे नेत नाई, हे तिले कोण सांगणार होतं? मले तरी कुठं माहीत होतं.

प्रेमलानं दारातच डब्बा उघडला. नाकाले पदर लावला, दोन बोटानं झाकण लावलं आन डब्बा बाहेर नालीच्या कडेले ठेवला. पंचफुलाले म्हणली का तू इथंच पायरीवर बस, आत सवाष्णी बसल्या आहेत, वास येते. आत साऱ्याईले ताटात चिवडा, लाडू वाढला. हिच्यासमोर पायरीवर कागद टाकला आन वरून लाडू सोडला. बाया हसल्या. तिचं नावबी कोणी नाई घेतलं, खेकडेवाली म्हणलं.

मी आत होती. डब्बा माह्या हातात नव्हता, म्हणून मले कोणी नाई अडवलं. मी ताट घेतलं आन खाल्लं. खाली मान घालून खाल्लं, पण खाल्लं.

परत येताना अर्ध्या रस्त्यावर पंचफुला थांबली आन एवढंच म्हणली, "गया, मी तिच्या घरात, तिच्या पंगतीत बसीन. आन तिच्या हातानं वाढून घेईन."

त्याच्यानंतर तिनं हा विषय काढला नाई. मीच वाट पाहात राहिली. उखळात मुसळ मारताना ती अशी मारे का मले त्या खेकड्याची दया येई.

पावसाळ्यानंतरची गोष्ट. कामावर एक रशियन सायब होता, पावेल सायब. दुपारच्या सुट्टीत त्यानं भासऱ्याच्या हातातला चिला पाह्यला आन बोटानं दाखवून मागितला. वडी खाल्ली, मंग झिंग्याचा एक खाल्ला, मंग भासऱ्याचा सारा डब्बाच संपवला. दुभाष्याकडून विचारलं, कोण करते? भासरे तोंड उघडायच्या आत नरहरी पुढं झाला. म्हणे, माही बायको करते, या गरिबाले आमच्याच घरून डब्बा जाते. सायब खूश. कोजागिरीच्या दिवशी इतवार होता, त्या दुपारी त्यानं नरहरीच्या घरी जेवाले याचं कबूल केलं. आन भासरे बसले गिळून. नरहरीनं त्याईले परमनंट करून देतो म्हणलं होतं.

घरी येऊन त्याईनं हे सांगितलं तवा पंचफुला भाकर थापून राहिली होती. तिचा हात थांबला नाई. तिनं फक्त विचारलं, कोजागिरीलेच का? आन दुसऱ्या दिवशी दुर्गाले घेऊन बांधावर गेली. अंधारा पक्ष होता. मोठ्या माठात तीस-चाळीस खेकडे आणून ठेवले, वर ओलं फडकं. रोज त्याईले धानाचा कोंडा टाके. मी विचारलं कायले एवढे, तं म्हणली लागतीन.

कोजागिरीच्या चार दिवस आधी प्रेमला आमच्या दारात आली. पायात चपला, हातात पिशवी, तोंडावर हसू. करून दे म्हणे, पाहिजे ते देते. पंचफुला म्हणली, "करून नाई देत. शिकवते. तुमच्या हातचं म्हणून सांगितलं आहे, तं तुमच्याच हातचं पाहिजे."

आन तिनं खरंच सारं शिकवलं. एक गोष्ट लपवली नाई. प्रेमलाले जमिनीवर बसवून तिच्या हातानं नांग्या तोडाले लावल्या, कुटाले लावलं, रस गाळाले लावला. प्रेमलाले दोनदा ओकारी आली. माठातल्या खेकड्याच्या वड्या त्या दिवशी पहिल्याच घाण्यात अशा झाल्या का प्रेमला स्वतःवरच खूश झाली. जाताना म्हणली, इतवारी बाजारातून मोठे पाहून घेईन. पंचफुला म्हणली, घ्या, मोठेच घ्या.

ती गेली आन मी पंचफुलाच्या तोंडाकडं पाहात राहिली. कारण आमच्याकडं धान लावणाऱ्या बाईच्या पोरीलेबी माहीत असते का चांदण्यात खेकडा चराले निघत नाई. बिळात उपाशी बसते आन आतून पोकळ होते. पुनवेचा खेकडा कवचानं केवढाबी असो, आत पाणीच. नागपूरच्या रेल्वे क्वार्टरात वाढलेल्या बाईले हे कुठून माहीत असणार.

"विचारलं असतं तं सांगितलं असतं," पंचफुला म्हणली. खोटं बोलली. मले माहीत होतं आन तिलेबी.

भासऱ्याले समजलं. त्याईनं हात जोडले. म्हणे, माह्या पोटावर पाय देऊ नको, परमनंट होऊ दे, मंग काय करायचं ते कर. ती माठात कोंडा टाकत राहिली. त्याचं काय झालं ते आताच सांगून टाकते. सोमवारी नरहरीनं त्याईले गँगमधून काढून भट्टीच्या धगीवर पाठवलं. परमनंट व्हाले अजून तीन वर्षं लागली. भिवया जळालेल्या घेऊन माणूस घरी ये. महिनाभर बायकोशी बोलले नाई. हे सारं होणार, ते इतवारी सकाळी माठातल्या खेकड्याच्या वड्या थापताना पंचफुलाले पुरतं ठाऊक होतं.

दुपारी आमी दोघी निघालो. तिच्या हातात वड्याचा डब्बा, माह्या हातात चिले आन झिंगे. क्वार्टरच्या मागच्या दारानं गेलो. रांधणीत प्रेमला चुलीसमोर बसली होती. कढईत राखाडी पाणी उकळून राहिलं होतं, एक गोळा वर आला नव्हता. बाजूले ही मोठी मोठी कवचं पडलेली. पिठात कालवून तिनं काही तळलं होतं, त्याचा तव्यावर चुरा झालेला. समोरच्या खोलीत सायब, दुभाष्या, नरहरी, आन संक्रांतीच्या त्याच दोन-तीन बाया नवऱ्यासंग. नरहरी तिकडून दोनदा ओरडला, आण ना.

प्रेमलानं डब्बा पाह्यला आन हात पुढं केला. पंचफुलानं सोडला नाई.

"देते. पहिले मले पंगतीत बसव आन तुह्या हातानं वाढ."

तिनं प्रेमलाले तुह्या म्हणलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. प्रेमला रडाले लागली. म्हणे, इथं रांधणीत बसा, मी चांगल्या ताटात वाढते, पाहुण्याईसमोर कावून इज्जत घेता, पाया पडते तुमच्या.

"पाया नको पडू. वाढ."

एवढ्यात नरहरी पडदा सारून आत आला आन त्यानं कढई पाह्यली. मंग त्यानं पडदा पुरा सारून वाट सोडली. प्रेमलानं डोळे पुसले, समोरच्या खोलीत पाट मांडला. पंचफुला भर दुपारच्या उजेडात, साऱ्याईसमोर, पदर सावरून त्या पाटावर बसली. दुभाष्यानं विचारलं, या कोण?

"पंचफुलाबाई," प्रेमला म्हणली. "वड्या ह्याईच्या हातच्या. मले नाई येत."

सायबानं वडी खाल्ली, मांडीवर थाप मारली, काहीबाही बोलला. पंचफुलानं त्याच्याकडं पाह्यलंबी नाई. ती प्रेमलाच्या हाताकडं पाहून राहिली होती. प्रेमला वाकली, ताटात एक वडी ठेवली, चिला ठेवला. संक्रांतीले हसलेल्या बाया ताटात बोटं घालून बसल्या होत्या.

मले भल्लं बरं वाटलं. खोटं कावून सांगू, छाती भरून आली. मी झिंग्याचं भांडं ठेवलं आन तिच्या बाजूले बसाले वाकली.

पंचफुलानं हात आडवा केला. हळूच बोलली, पण खोलीतल्या साऱ्याईनं ऐकलं.

"तू नको बसू, गया. तुले या घरात पहिलेच वाढलं आहे."

मी भिंतीले टेकून उभी राहिली. ती सावकाश जेवली, एक एक घास, साऱ्याईले थांबवून. ताट रिकामं झालं तसं माह्याकडं न पाहता प्रेमलाले म्हणली, "अजून एक वाढ."