पाठमोरी पंगत

वलगावात सुभद्रेचं नाव सकाळच्या पारी कोणी घेत नसे. चुकून तोंडात आलंच तर घेणारा बाजूला थुंकून टाकी. लग्नाला तप उलटून गेलं तरी तिची कूस उजवली नव्हती, आणि एवढ्या एका गोष्टीवरून गावानं तिचा कायमचा निकाल लावला होता. वांझेची नजर वाईट, आणि जेवत्या लेकरावर पडली तर सगळ्यांत वाईट. ती गल्लीतून निघाली की बाया ओट्यावर जेवणाऱ्या पोरांवर पदर टाकत आणि शहाणीसुरती पोरं आपली भाकर आपणच शर्टाखाली दडवत. विंचू-साप दाखवून द्यावे तशी गावानं आपल्या लेकरांना ही बाई दाखवून दिली होती.

सुभद्राही काही गरीब गाय नव्हती. कोणी पदर ओढला की ती मुद्दाम थांबे.

"झाका, झाका," ती म्हणे, "तुमच्या मीठभाकरीले कोण पाहून राह्यलं?"

मग दोन्हीकडून आयामाया निघत, आणि सुभद्रा निम्म्या गल्लीचा उद्धार करूनच पुढे जाई. तिची जीभ तिखट होती हे खरं, पण ज्याला रोज दगड बसतात त्यानं फुलं परत करावीत असं म्हणणारा माणूस मला एकदा भेटायचा आहे.

जगातली दुसरी मोठी लढाई पेटायच्या आधीची ही गोष्ट. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपुरातून चाले. सुभद्रेचा नवरा पुंजाराम पेढी नदीच्या काठाला मळा करी. मेथी, पालक, मुळे, गाजरं, लाल कोहळी असा माल रोज पहाटे बैलबंडीत घालून अमरावतीच्या बाजारात नेई. पण माळ्याच्या घरात भाजी विकायची असते, खायची नसते. चांगली जुडी गिऱ्हाइकाला, पिवळी पानं बैलाला, आणि घरच्यांना भाकरीवर लाल तिखट. गावातल्या इतर लेकरांचंही तेच. हिरव्या भाजीनं लेकराला हगवण लागते आणि थंडीत छाती भरते, असं सगळ्या बायांचं ठाम मत होतं. मग राहिलं काय, तर तिखट नाहीतर गूळ, आणि लेकरू लाडाचं असेल तर नुसताच गूळ.

त्याच घरात दुसऱ्या चुलीवर सुभद्रेची धाकटी जाऊ शकुन होती. तिचा नवरा हंगामात अमरावतीला सरकी काढायच्या जिनात कामाला जाई. शकुनला मुलगा झाला तेव्हा ती बाळंतज्वरानं अंथरुणाला खिळली होती. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तसं ते लेकरू सुभद्रेच्या मांडीवर आलं. तिनं त्याला बोळ्यानं शेळीचं दूध पाजलं, त्याची लाळ पुसली, त्याचं नाव चंद्रभान ठेवलं तेव्हा पाळण्याची दोरी धरली. तोवर तिची नजर कोणाला टोचली नाही. पुढे शकुन उठली, चंद्याचं उष्टावण झालं, आणि त्या दिवसापासून पोर दाराआड गेलं. आता ते जेवणार होतं ना! शकुननं त्याला बोलायला शिकवलं त्यातच हेही शिकवलं की मोठी माय दिसली की घास झाकायचा. चंद्या सुभद्रेला मोठी माय म्हणे आणि म्हणता म्हणता वाटी मागे लपवी. सुभद्रेनं गावाचं सगळं पचवलं होतं, हे तिला पचलं नाही.

चंद्या चार वर्षांचा झाला त्या साली सूर्यभान पाटलानं छपरी घातली. त्याची काळी जमीन मोठी आणि कापूस दव वाळायच्या आत वेचून हवा. वेचणाऱ्या बाया लेकरांमुळे उशिरा येत, आल्या की पाजत बसत. अमरावतीला एका जिनात कामकरी बायांची लेकरं सांभाळायला छपरी होती. ती पाहून पाटलानं शेताच्या बांधाला, धुऱ्यावर, कुडाची भिंत उभारली, वर कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचं छप्पर टाकलं आणि आतलं काम सुभद्रेच्या गळ्यात घातलं. त्यात मायेचा लवलेश नव्हता. तिचा उजवा पंजा मोटेच्या चाकात सापडून बोटं आखडली होती, बोंडातून कापूस काढणं तिला जमत नव्हतं. वेचणीला जिचा उपयोग नाही अशी गावात तेवढी एकच बाई होती. तुला नाहीतरी काम काय आहे, असं पाटील तिला तोंडावर म्हणाला.

बायांनी हे ऐकलं आणि एकच गिल्ला केला. लांडग्याच्या हाती कोकरू देण्यासारखंच होतं ते. पण हंगामाची मजुरी सोडायची कोणाची तयारी नव्हती. शेवटी वेचणाऱ्यांत जिचा शब्द चाले त्या मैनाबाईनं तोड काढली.

"पोट्टे कुडाच्या भितीकडे तोंड करून जेवतीन," ती म्हणाली, "अन् तू रस्त्याकडे तोंड करून बसशीन. पोट्टे उठल्याबिगर मागं पाह्यलं, तर मी हाये अन् तू हायेस."

सुभद्रा यावर काहीतरी जहरी बोलेल म्हणून सगळ्या कंबर कसून उभ्या होत्या. ती नुसती बरं म्हणाली. चंद्या छपरीत येणार होता. पाठमोरा का होईना, दिवसभर आपल्याजवळ असणार होता. त्यासाठी तिनं तोंडाला शेणही फासून घेतलं असतं.

अशी ती पंगत सुरू झाली. लेकरं कुडाकडे तोंड करून ओळीनं बसत, सुभद्रा त्यांच्याकडे पाठ करून रस्ता बघत बसे. दिसत काही नसे, पण कान उघडे होते. कोणाचा गूळ कोण पळवतंय, कोण भाकर न चावता गिळतंय, कोण ती कुत्र्याला टाकतंय, हे तिला आवाजावरून कळे. चंद्या गूळ चाटून घेई आणि भाकर मागे सारी. संध्याकाळी घरी निघताना तो तिच्या लुगड्याचा सोगा धरून चाले, हे पहिले काही दिवस तिला गोड वाटलं. मग एकदा दिवस मावळताना तो समोरच्या बंडीच्या चाकावर आपटला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला गोठ्याच्या खुंट्याला अडखळला. दिवसा धावणारं पोर दिवेलागणीला भिंत चाचपत होतं.

सुभद्रेनं ओळखलं. तिचा बाप संवत छपन्नच्या दुष्काळात असाच झाला होता, सूर्य बुडाला की आंधळा. पुढे पाऊस पडून पाला उगवला, बापानं महिनाभर रानातला पाला उकडून खाल्ला, आणि त्याला पुन्हा दिसायला लागलं. ही हकिकत त्यानं तिला इतक्यांदा सांगितली होती की ती कंटाळून गेली होती. ती तशीच शकुनच्या चुलीपाशी गेली आणि पोराला रातांधळं झालंय, त्याला भाजीपाला खाऊ घाल, म्हणून सांगून आली. म्हणजे सांगायला लागली, इतकंच. शकुन थंडपणे उठली.

"तुमच्या नजरेनं माह्या पोराची नजर गेली," ती म्हणाली. "आता तुमीच दवा सांगून राह्यल्या?"

इतक्या रागातही तिनं तुमी म्हणायचं सोडलं नाही, आणि सुभद्रेला तेच जास्त लागलं. शिवी दिली असती तर दुसरी देता आली असती. त्या संध्याकाळपासून शकुन रोज मीठ-मिरच्या पोरावरून उतरून चुलीत टाकू लागली. घरभर मिरच्यांचा धूर उठे, चंद्या खोकून खोकून लाल होई, आणि गूळ देऊन त्याला गप्प केलं जाई. छपरीत पाठवणं मात्र तिनं थांबवलं नाही, तिची वेचणीची मजुरी बुडाली असती. पोर जेवताना सुभद्रेनं पाठ तर फिरवावीच, वर पदरही हनुवटीपर्यंत ओढावा, एवढी एक अट वाढवली.

सुभद्रेनं पदर ओढला आणि दुसरंच आरंभलं. जुड्या बांधून उरलेली पानं बैलापुढे जात, ती तिनं अडवली. पुंजाराम कुरकुरला, तर बैलाला दिवसा-रात्री चांगलं दिसतं, असं सांगून तिनं त्याचं तोंड बंद केलं. पाटलाशी हुज्जत घालून ज्वारीच्या कण्या मिळवल्या. मग छपरीच्या मागे तीन दगडांवर मडकं चढू लागलं. कण्यांत पालक, मेथी, मुळ्याचा पाला, कोहळ्याच्या फोडी, वरून लसणाची फोडणी. पोरांना आधी हात धुवायला लावून ती पळसाच्या पानावर वाढी आणि रस्त्याकडे तोंड करून बसे. पोरं कण्या तेवढ्या चिवडून खात आणि हिरवं सगळं कुडाच्या भोकातून बाहेर ढकलत. ती ओरडली, एकदोघांच्या पाठीत धपाटेही घातले. उपयोग शून्य. लाडीगोडी तिला येत नव्हती, आणि आली असती तरी तिच्या तोंडून ती ऐकायला कोणतं पोर बसलं असतं?

एके दिवशी मडकं उतू गेलं. विस्तवावर पडलेल्या पाण्याचा चर्र आवाज झाला आणि सुभद्रा सवयीनं पदर सारून वळली. कुडापाशी शेवटी बसलेल्या शालूनं मान मागे करून ते पाहिलं. ही शालू मैनाबाईची नात, भाजीचं पानही जिभेला न लावणारी. तिच्या पानावर हिरवा ढीग तसाच पडला होता. झाकायला जवळ काहीच नव्हतं. पोरीनं दोन्ही हातांनी तो ढीग उचलला आणि तोंडात कोंबला. गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं, पण सुभद्रेची नजर पडायच्या आत पान कोरं झालं.

सुभद्रेनं ते फुगलेले गाल पाहिले आणि कोरं पानही. मग तिला हसू आलं, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. गावानं तिच्या हाती हे नाक कधीचंच देऊन ठेवलं होतं, तिलाच ते आज दिसलं.

दुसऱ्या दिवशी वाढून झाल्यावर तिनं सगळ्यांना कायदा सांगितला.

"मी आता तोंड फिरवतो. सावकाश खा, चावून खा. खोकलली की मागं पाहीन. तवा ज्याच्या पानावर जे उरलं असन, त्याले माही नजर लागन."

त्या दिवशी पळसाची पानं धुतल्यासारखी निघाली. त्यानंतर रोजच. तिच्या नजरेवर अख्ख्या गावाचा जेवढा विश्वास होता तेवढा देवीवरही नव्हता, त्यामुळे धाक कधी कमी पडला नाही. घाईनं गिळणारं पोर आवाजावरून कळलं की ती खोकायला उशीर करी. हळूहळू पोरांना कोहळ्याची गोडी लागली, मग मेथीची. पौष सरता सरता पोरांच्या तोंडाच्या कडांना पडलेल्या चिरा बुजल्या, टणक पोटं मऊ झाली, आणि मुळ्याचा पाला आणखी मागणारेही दोघेतिघे निघाले.

मैनाबाई एकदा भांडायला आली. पोट्टी घरीही भाजी मागते आणि जेवताना सारखी मागे वळून बघते, तू तिला काय केलंस, असा तिचा सवाल होता. शालूच्या अंगावर मूठभर मांस चढलेलं तिला दिसत होतं, पण त्याबद्दल ती शब्दानं बोलली नाही. सुभद्रेनं तिला यथेच्छ ऐकवून परत धाडलं.

या सगळ्यात एक पोर मात्र रडत जेवे. चंद्याला बाकीच्यांपेक्षा भीती जास्त, कारण त्याच्या आईनं ती रोज धूर देऊन ताजी ठेवली होती. तो हुंदके देत शेवटचं पानसुद्धा चाटून खाई. पदराआड बसलेल्या सुभद्रेला ते हुंदके वेगळे ओळखू येत. तिला वाटे, सरळ उठावं, त्याला मांडीवर घ्यावं आणि सांगावं की सगळं खोटं आहे, माझ्या नजरेत काही नाही. पण ते सांगितलं की उद्यापासून पाला कुडाबाहेर. ती दात आवळून रस्ता बघत बसे. त्याचे डोळे हवे असतील तर त्याची माया मिळायची नाही, हा सौदा तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

माघ उलटला, वेचणी संपली, पाटलानं छपरी मोडून कुड जळणाला नेला. गरज सरो, वैद्य मरो. शकुन गल्लीत सांगत सुटली की मीठ-मिरच्यांनी गुण आला, पोराची दृष्ट उतरली. बायांना ते पटलं. सुभद्रा मळ्यातल्या जुड्या बांधत राहिली.

होळीच्या आसपास एका संध्याकाळी ती मळ्यातून परतत होती. दिवस बुडून गेला होता, घरात दिवे अजून लागायचे होते. ओट्यावर चंद्या आणि शेजारची पोरं भाकरीबरोबर भाजी खात बसली होती. ती अजून पार गल्लीच्या तोंडाशी होती. तिथून तिलाही पोरांचे नुसते आकार दिसत होते. त्यातला एक आकार ताडकन उठला.

"मोठी माय आली," चंद्या बाकीच्यांना म्हणाला. "झाका."

आणि त्यानं भाकर शर्टाखाली घातली. सुभद्रा जागच्या जागी थांबली. एवढ्या अंधारात, एवढ्या लांबून, त्याला ती दिसली होती. आनंद झाला आणि काळजात कळ आली, दोन्ही एकदमच. कोणासाठी कधी वाट न बदललेली ती बाई पाठ फिरवून मळ्याच्या रस्त्याला लागली, आणि पोरांचं जेवण होईल एवढा वेळ तिथेच उभी राहिली.