सायराकानचा काळा साबण

नवऱ्याचं, मुकाशचं, अर्धं अंग लुळं पडलं, तो अंथरुणाला खिळला आणि सायराकानच्या घरातलं धुणं संपेनासं झालं. डोंगरातल्या आत-बाशी गावच्या थंडीत चादर दोरीवरच लाकडासारखी कडक व्हायची. ती घरात आणून चुलीपाशी वाळवेपर्यंत दुसरी ओली झालेली असायची. दुकानातली पावडर आणावी तितकी कमीच. मुलगा रशियात बांधकामावर होता, पण तो पाठवायचा त्यातून औषधंच कशीबशी व्हायची. शेवटी बर्फ वितळल्यावर सायराकानने सासूची जुनी रीत धरली. काळा साबण घरीच करायचा.

हिवाळाभर तिने लग्नामयतीच्या जेवणांतून टाकाऊ चरबी मागून आणली होती. खाऱ्या झुडपांची राख पोत्यात भरून, तिच्यातून साबणाला लागणारं क्षाराचं पाणी थेंबथेंब गाळून झालं होतं. आता अंगणात गोवऱ्यांच्या जाळावर मोठी कढई चढली होती आणि ती सकाळपासून ढवळत उभी होती.

शेजारची अनारकान डोक्याच्या रुमालाने नाक दाबूनच आली.

"ताई, मेंढी शिजवताय की कुजवताय? गल्लीतली कुत्रीसुद्धा पळाली!"

"साबण झाला की पहिला तुझ्याच तोंडाला लावते."

"लावा हो. पण ढवळणं सोडू नका. उतू गेला की सगळं मुसळ केरात." हसत हसत ती निघून गेली.

सायराकानचे खांदे भरून आले होते. रात्री मुकाशने चार वेळा उठवलं होतं. त्याच्या आदल्या रात्रीही तेच. जरा पाठ टेकावी म्हणून ती भिंतीशी बसली. ऊन उबदार होतं. डोळा कधी लागला, तिचं तिलाच कळलं नाही.

छातीवर काहीतरी आदळलं. दचकून पाहते तर मांडीत मुकाशचा रबरी बूट! समोर कढई फसफसून काठावर आलेली, फेस जाळात सांडून धूर उठलेला. तिने धावत जाऊन चिमट्याने गोवऱ्या ओढून काढल्या, कढईत गार पाण्याचा तांब्या ओतला, मग मागे वळली.

दारात, उंबऱ्यावर, मुकाश पालथा पडला होता. अंथरुणापासून तिथवर तो एका हाताने स्वतःला ओढत आला होता. कोपर सोलवटलेलं, विजार धुळीने माखलेली.

"झो... झोपलीस काय गं!" त्याची जीभ जड होती. "हाका मारून... घसा बसला."

"अहो, माझं डोकं फुटलं असतं म्हणजे?"

"नेम... कढईवर धरला होता."

"ट्रकही असाच चालवत होतात वाटतं आयुष्यभर!"

मुकाश हसला. हसू अर्ध्याच तोंडावर उमटलं. सायराकानलाही हसू फुटलं आणि हसता हसता तिला रडू कोसळलं. त्याला उचलायचं बळ तिच्यात नव्हतं. ती तशीच त्याच्याशेजारी उंबऱ्यावर बसली आणि त्याचं कोपर झग्याच्या टोकाने पुसत राहिली. बऱ्याच वेळाने तिने अनारकानला हाक मारली. दोघींनी मिळून त्याला आत नेलं.

अर्धाअधिक साबण वाया गेला होता. उरलेला मीठ टाकून आटवला तेव्हा काळपट, ओबडधोबड वड्या पडल्या. फेस जेमतेम यायचा, हात चरचरायचे, पण चादरी स्वच्छ निघायच्या. त्या साबणाने पहिली धुतली ती मुकाशची धुळीची विजार.

दुसऱ्या दिवशी त्याचा खांदा असा धरला की कुशीवर वळवतानाही तो कण्हत होता. पुन्हा कधी तो आपणहून अंथरुणाबाहेर आला नाही. पण पुढच्या वेळी चरबी साठली तेव्हा त्यानेच सांगितलं, "मला दाराशी टाक." सायराकान आणि अनारकानने गादी ओढून दारात आणली. सायराकान ढवळायची, थकली की तिथेच चटईवर आडवी व्हायची. फेस चढू लागला की मुकाश खाकरायचा, ती उठायची, जाळातल्या गोवऱ्या मागे ओढायची, पुन्हा पडायची. त्या आठवड्यात तेवढीच झोप तिला सलग मिळाली, तीही खाकरण्यांच्या मधली.