सव्वाचारची नोंद

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. बायकोला ठाऊक नाही. रघूच्या घरी तर नाहीच नाही. आज लिहितो आहे ते मन हलकं व्हावं म्हणून नव्हे – रागानं लिहितो आहे. परवा भूमच्या बाजारात चहा पिताना एकजण सहज म्हणाला, "वायरमन लई हुशार, पण हिशेबात गंडला." बाकीचे हसले. मी कप खाली ठेवला आणि उठलो. मला त्यांचा संताप आला. पण त्यांना काय माहीत? माहीत फक्त मला आहे.

रघू माझा शाळेपासूनचा मित्र. वीज खात्यात वायरमन म्हणून त्याची नोकरी झाली. मी शाळेत ग्रंथपाल. आमच्या तलावापलीकडे एक वस्ती आहे. तलाव झाला तेव्हा तिचा रस्ता पाण्याखाली गेला. तेव्हापासून तिथल्या बाईला दवाखान्यात यायचं तर सगळ्या तलावाला वळसा. समोर दिसतं ते गाव, आणि पोचायला अर्धा दिवस! रघूला याची चीड होती. अर्ज देऊन थकल्यावर त्यानं कोकणातून एक जुनी शिडाची नाव ट्रकवर घालून आणली. आमच्याकडं वाऱ्याचा भरवसा नाही, म्हणून तिला भंगारातल्या ई-रिक्षाची मोटर बसवली. जुन्या बॅटऱ्यांतले बरे सेल निवडून एक पेटी केली. शीड मात्र ठेवलं – मोटरनं दगा दिला तर असावं म्हणून.

लोक हसले, त्याची त्याला सवय होती. पण त्यानं काहीही अंदाजानं केलं नाही, हे मला आज ओरडून सांगायचं आहे. किती वेगाला किती करंट जातो, दोन माणसं बसली तर किती, चार बसली तर किती – सगळं वहीत. हळू गेलं तर तेवढ्याच चार्जवर कितीतरी लांब जाता येतं, हे त्यानं मोजून काढलं होतं. राहिली होती एकच गोष्ट: पेटीचा दम. ती भरल्यापासून रिकामी होईपर्यंत मोटर किती वेळ चालते?

त्यासाठी त्यानं नाव दोरानं काठावरच्या बाभळीला बांधली आणि मोटर चालू केली. नाव पुढं ओढायची, दोर ताणलेला, आणि जागा काही सुटायची नाही. येणारे-जाणारे थांबायचे.

"काय वो वायरमन, पळून जाती म्हून बांधली व्हय?"

"न्हाय. दम किती हाय ते बघतोय. तुमी बाजारात बैलाचा बघता तसा."

त्या दुपारी त्याला अचानक लोहाऱ्याहून आलेल्या पाहुण्यांसाठी घरी जावं लागलं. वही त्यानं माझ्या हातात दिली. "मास्तर, दर धा मिन्टाला मीटरवरचा आकडा लिव्ह. बंद पडली की टाइम लिव्ह. बाकी काय न्हाय." माझ्यावर का सोपवलं? माझं अक्षर चांगलं होतं. आणि मी खोटं बोलत नाही, असा माझा लौकिक होता – तो कुणी पसरवला होता? त्यानंच.

एक वाजता सुरू केलं. दोन वाजेपर्यंत मी इमानानं लिहिलं. आकडा जेमतेम हलत होता. मी पिशवीतलं पुस्तक काढलं. पुढचं प्रकरण संपू दे, मग बघू, म्हटलं. ते संपलं, त्याच्या पुढचं काढलं. विजेच्या मोटरला आवाज असा नसतोच. ती चालू आहे की थांबली, हे कानाला कळत नाही. मला भानावर आणलं ते एका धनगरानं. मेंढरं पाण्यावर घालता घालता तो म्हणाला, "मास्तर, नाव निजली की तुमची."

दोर सैल पडून पाण्यात बुडाला होता. नाव वाऱ्यानं आडवी होऊन काठाला लागली होती. घड्याळात साडेचार. कधी थांबली होती? आत्ता? तासाभरापूर्वी? दोन तासांपूर्वी? तो धनगर दुपारपासून तिथंच मेंढरं चारत होता, त्याला माहीत असणार. मी त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर माझं लक्ष नव्हतं हे त्याला कळलं असतं – बस, एवढ्यासाठी.

मग मी झाडाखाली बसून उरलेल्या नोंदी भरल्या. दहा मिनिटांना एक, थोडाथोडा उतरता आकडा. शेवटी लिहिलं: मोटर बंद, सव्वाचार.

"लक्ष नव्हतं, उद्या परत करू." इतकं म्हणायचं होतं. तो मला शिवी देऊन हसला असता, आणि दुसऱ्या दिवशी पेटी भरून पुन्हा बांधली असती नाव. त्याऐवजी त्यानं माझ्या आकड्यांचा आलेख काढला आणि मला दाखवायला घरी आला. "काय रेघ आलीय बघ मास्तर. तुझ्या अक्षरावाणी." जुने सेल इतके दमदार निघतील असं त्याला वाटलं नव्हतं, म्हणाला. मी चहा केला. त्याचा आनंद मी समोर बसून पाहिला.

पुढं दोनेक महिन्यांनी तो माणसं ने-आण करू लागला. दिवसाला एकच फेरी असायची, तिला कधी अडचण आली नाही. त्या सकाळी पलीकडं परत जाणाऱ्या बायका जास्त होत्या, म्हणून दोन फेऱ्या करायच्या ठरल्या. जागा व्हावी म्हणून त्यानं डोलकाठी आणि शीड काढून माझ्या ओसरीत आणून ठेवलं. "तुझे आकडे असताना शीड कशाला?" मी काय केलं? मी दार लावून घेतलं.

दुसऱ्या फेरीत बायकांना पलीकडं उतरवून तो एकटा परत निघाला. मध्येच मोटर बंद पडली. वारा समोरचा. हातात एक फळी. त्या फळीनं तो किती वेळ वल्हवत होता, कुणाला ठाऊक नाही. मासे धरणाऱ्यांना नाव काटेरी झुडपांत अडकलेली सापडली, आणि तो तिच्यात. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले.

इथं संपलं असतं तरी पुरे होतं. पण शोकसभेत मला बोलायला सांगितलं – माझी भाषा चांगली ना. मी रघूच्या जिद्दीबद्दल बोललो, आणि मग म्हणालो, "उत्साहाच्या भरात आकडेमोडीत थोडी गफलत झाली असावी." कुणी विचारलं होतं? कुणीही नाही. समोर रघूची बायको, कुसुमवहिनी, बसल्या होत्या. त्यांनी मान हलवली. बाजारातला तो माणूस जे बोलतो ते वाक्य माझं आहे. पलीकडची वस्ती पुन्हा वळसा घालते आहे. कुणी नावेचं नाव काढलं की लोक वायरमनचा दाखला देतात – तोही माझ्याच वाक्यातून निघालेला.

आणि वही? आठवण म्हणून वाचतो, असं सांगून ती मी वहिनींकडून मागून आणली आणि माझ्या कपाटात, पुस्तकांच्या मागं ठेवली. काल ती पहिल्यांदा उघडली. शेवटच्या पानावर रघूनं दोन फेऱ्यांचा हिशेब मांडला आहे. ओझं धरलं आहे, समोरचा वारा धरला आहे. एवढं करून पेटीतलं अर्धं त्यानं हातच लावायचं नाही म्हणून राखून ठेवलं आहे. त्याखाली लिहिलं आहे: नोंदी मास्तरच्या, पक्क्या.

मी तो हिशेब दोनदा तपासला. रघूचा एकही आकडा चुकलेला नाही. उद्या सकाळी वही आणि ही पानं वहिनींच्या हातात देणार आहे. खोट्या नोंदी कुठून सुरू होतात तिथं खूण केली आहे.