काश्मीरच्या पानावरची लोंबी

आमगावातल्या आमच्या शेजारच्या काकू सहलीहून आल्या, की त्यांच्या वहीत फोटो नाही, तिथल्या धानाची लोंबी चिकटते. काश्मीरच्या पानावरही लोंबीच.

"काकू, बर्फाचा फोटो?"

"बरफ कायले पाहाचा? फ्रिजात हाये ना!"

लोंबीखाली शेरा असतो : 'दाणा बारीक, शेतकरी बोलका.' ताजमहालाच्या पानावर : 'बांध वाकडा.'

यंदा मी गोव्याहून हौसेनं शिंपला आणला आणि वहीत जागा मागितली. काकूंनी तो उलटून पाहिला.

"तिथचा धान कसा होता?"

मी पाहिलाच नव्हता.

"मंग तिथं जाऊन काय करून राहिला होता?"

त्यांनी कोऱ्या पानावर 'गोवा' लिहिलं, खाली माझं नाव लिहिलं आणि शिंपला परत माझ्या हातात ठेवला.

"पान राखून ठेवतो. पुन्हा जाऊन ये."